आधी खर्च, मग परतावा

मे २०२५मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने एक माहिती जाहीर केली. आंतरमंत्रालयीन मंडळाच्या दोन बैठकांत मिळून १८७ स्टार्टअपना प्राप्तिकरातून सूट मंजूर झाली होती आणि योजना सुरू झाल्यापासून अशी सूट मिळवणाऱ्यांची संख्या ३,७००च्या पुढे गेली होती. याच विभागाने स्टार्टअप म्हणून मान्यता दिलेल्या उद्योगांची संख्या त्याच वर्षी जानेवारीत १ लाख ५९ हजारांच्या घरात होती. यांतले सगळेच सूट मागायला गेले नसतील, काहींना ती लागूही होत नसेल. तरीही मान्यता मिळालेल्या शंभरांपैकी जेमतेम दोघा-तिघांनाच करमाफी मिळावी, हे प्रमाण डोळ्यांत भरतं.

नव्या उद्योजकासाठी सरकार काय करतं, याचं उत्तर भाषणात एक असतं आणि बँकेच्या पासबुकात दुसरं. योजनांचा दुष्काळ नाही. केंद्राच्या, राज्याच्या, महामंडळांच्या, विज्ञान खात्यांच्या योजनांची नुसती नावं लिहायची म्हटली तरी पानं भरतील. पण त्या एका ओळीत मांडून पाहिल्या की त्यांच्यातलं साम्य लक्षात येतं. बहुतेक मदत नफा झाल्यावर तरी मिळते, नाहीतर खर्च झाल्यावर. धंदा बुडतो तो मात्र त्याच्या आधी, हातातली रोकड आटल्यामुळे. म्हणून कुठलीही योजना तपासताना रकमेच्या आकड्याआधी ती रक्कम कोणत्या महिन्यात खात्यावर येणार, हे विचारायला हवं.

नफ्यावरची सूट

१५ ऑगस्ट २०१५ला लाल किल्ल्यावरून ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा झाली, १६ जानेवारी २०१६ला तिचा आराखडा आला आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात ८०-आयएसी हे कलम आणलं. १ एप्रिल २०१६नंतर स्थापन झालेल्या पात्र कंपनीला किंवा एलएलपीला पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षं निवडून त्या वर्षांच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट घेता येते. २०२५च्या अर्थसंकल्पाने ही खिडकी १ एप्रिल २०३०पूर्वी स्थापन होणाऱ्या उद्योगांपर्यंत उघडी ठेवली.

ऐकायला हे घसघशीत वाटतं. प्रत्यक्षात गाळण्या बऱ्याच आहेत. विभागाची मान्यता नोंदणीकृत भागीदारी संस्थेलाही मिळते, करमाफी मात्र कंपनी आणि एलएलपी यांनाच. मान्यतेनंतर वेगळा अर्ज आंतरमंत्रालयीन मंडळाकडे करावा लागतो आणि आपल्या कामात नवं काय आहे, ते वाढण्याजोगं कसं आहे, हे तिथे पटवून द्यावं लागतं. अर्जावर १२० दिवसांत निर्णय व्हावा अशी सुधारित व्यवस्था २०२५मध्ये जाहीर झाली. त्यातून पार पडलं तरी ‘मॅट’ हा किमान पर्यायी कर उभा असतोच. कंपनीचं करपात्र उत्पन्न वजावटीने शून्यावर आलं, तरी ताळेबंदात दिसणाऱ्या नफ्यावर १९६१च्या कायद्यानुसार २०१९पासून १५ टक्के दराने मॅट लागत आला. एलएलपीसाठी त्याचाच भाऊ १८.५ टक्क्यांचा. शिवाय ज्या कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला, तिला ८०-आयएसीची वजावट घेता येत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलं नाही तरीही वजावट गेली.

या सगळ्याच्या वर एक साधी अडचण आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत नफा होतो कुणाला? ज्याला लवकर नफा होतो त्याला मदतीची निकड कमी, आणि ज्याला निकड आहे त्याला माफ करून घ्यायला कर नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असा हा मामला. ऑस्ट्रेलियाने यावर वेगळा तोडगा काढलाय. तिथे वर्षाला दोन कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेली कंपनी तोट्यात असली, तरी संशोधनावरच्या पात्र खर्चाच्या ४३.५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकार तिला रोख परत करू शकतं. भारतात उलट झालं. स्वतःच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या कंपनीला पूर्वी खर्चाच्या दुप्पट वजावट मिळे. ती आधी दीडपट झाली आणि २०२०-२१पासून खर्चाइतकीच उरली.

तोट्याबाबतीत मात्र कायदा थोडा समजूतदार झाला. भागधारकांत मोठा बदल झाला की खासगी कंपनीचा मागचा तोटा पुढे ओढता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. पात्र स्टार्टअपला त्यात मोकळीक आहे. तोट्याच्या वर्षी जे भागधारक होते ते सगळे टिकून असले, तर नवा गुंतवणूकदार येऊनही तोटा पुढे नेता येतो. पहिल्या सात वर्षांतल्या तोट्यापुरती असलेली ही मुभा २०२३मध्ये दहा वर्षांपर्यंत वाढली. इथेही विवरणपत्र वेळेत भरण्याची अट आहेच.

कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी समभाग देण्याच्या पद्धतीलाही २०२०मध्ये सवलत मिळाली. समभाग हाती येताच त्यावर कर भरावा लागे, म्हणजे न विकलेल्या कागदावर रोख कर. आता तो सुमारे पाच वर्षं, किंवा नोकरी सोडेपर्यंत, किंवा समभाग विकेपर्यंत पुढे जातो. यांतलं जे आधी घडेल ते. पण ही सवलतही मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या त्याच मोजक्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना.

एक कर आला आणि गेला

सरकारी सवलतींच्या यादीत सर्वांत मोठी सवलत कदाचित एक चूक मागे घेण्याची आहे. २०१२च्या अर्थसंकल्पात काळा पैसा शेअर प्रीमियमच्या आडून फिरवणाऱ्यांना चाप लावायला प्राप्तिकर कायद्याच्या ५६व्या कलमात भर घातली गेली. खासगी कंपनीने वाजवी किमतीपेक्षा जास्त दराने समभाग विकले, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून तिच्यावर कर. हाच पुढे ‘एंजल टॅक्स’ म्हणून बदनाम झाला.

नव्या कंपनीची किंमत भविष्यातल्या अंदाजावर ठरते. तीन वर्षांनी कर अधिकारी तो अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी ठेवून विचारी, ‘एवढी किंमत आली कुठून?’ गुंतवणूकदाराने दिलेलं भांडवल असं उत्पन्न ठरू लागलं, आणि त्यावरच्या कराची मागणी नेमकी त्या भांडवलाच्याच जिवावर जगणाऱ्या कंपनीपुढे येऊन उभी राहू लागली. २०१९मध्ये मान्यताप्राप्त स्टार्टअपना २५ कोटी रुपयांपर्यंतच्या भांडवलापुरती अटींसह सुटका मिळाली. २०२३मध्ये उलटा प्रवास होऊन परदेशी गुंतवणूकदारांचा पैसाही या कराच्या कक्षेत आला. अखेर २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हा कर सर्वच गुंतवणूकदारांसाठी रद्द केला. बारा वर्षं लागली, पण इथे उद्योजकाला प्रमाणपत्र मागायला कुठेही जावं लागलं नाही. सगळ्यांना, आपोआप, अर्जाशिवाय मिळालेली ही बहुधा एकमेव सवलत.

आपलेच पैसे, परत

करमाफीपेक्षा कितीतरी जास्त उद्योजकांचा संबंध येतो तो कराच्या परताव्याशी. यात सरकार स्वतःचं काही देत नाही, आधी घेतलेलं परत करतं.

समजा, पुण्यात दोघी अभियंत्यांनी जूनमध्ये सल्ला देणारी कंपनी काढली. मार्चअखेरपर्यंत ३० लाखांची बिलं गेली. प्रत्येक ग्राहकाने दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे तीन लाख रुपये थेट सरकारजमा. पगार, भाडं, संगणक धरून खर्च झाला ३४ लाख. तोटा चार लाखांचा, म्हणून कर शून्य आणि तीन लाख परत मिळायचे. आता ही रक्कम येणार कधी? वर्ष संपलं, हिशेब तपासले गेले, कंपन्यांसाठीच्या ३१ ऑक्टोबरच्या मुदतीच्या आसपास विवरणपत्र गेलं, त्यानंतर प्रक्रिया. पहिल्या बिलातून कापलेला पैसा दीड वर्षाने घरी आला तरी नवल नको. परताव्यावर सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, तेही वर्ष संपल्यावरच्या १ एप्रिलपासून. तीन लाखांवर महिन्याला १,५०० रुपये. तेवढीच रक्कम बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर १२ टक्क्यांनी उचलली तर महिन्याचं व्याज ३,००० रुपये. उद्योजक दुप्पट दराने उसने घेतो आणि निम्म्या दराने सरकारला वापरायला देतो.

यावर उपाय कायद्यातच आहे, फार कमी नवे उद्योजक तो वापरतात. यंदा कर लागणारच नाही किंवा अगदी कमी लागेल असं दिसत असेल, तर कर अधिकाऱ्याकडे अर्ज करून कमी दराने किंवा शून्य दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र मिळतं. १९६१च्या कायद्यात ते १९७व्या कलमाखाली होतं आणि अर्जाचा नमुना १३ क्रमांकाचा. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. त्यामुळे जुन्या पुस्तकावर विसंबून अर्ज करणाऱ्याने आधी आपल्या सीएला विचारलेलं बरं. परतावा अडकण्याची नेहमीची कारणं मात्र किरकोळ असतात. बँक खातं पोर्टलवर पडताळून घेतलेलं नसतं, ग्राहकाने कापलेला टीडीएस चुकीच्या पॅनवर जमा केलेला असतो, किंवा मागच्या एखाद्या वर्षाची थकबाकी पोर्टलवर दिसत असते आणि परतावा तिच्यात वळता होतो.

जीएसटीचा परतावा हे याहून गुंतागुंतीचं प्रकरण. निर्यात करणाऱ्याला करमुक्त निर्यातीसाठी हमीपत्र देता येतं आणि कच्च्या मालावर भरलेला कर परत मागता येतो. दुसरा प्रकार उलट्या करदराचा. मालावर कर कमी आणि कच्च्या मालावर जास्त, अशा उद्योगात भरलेला कर खात्यात नुसता साचत जातो. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत पोच द्यायची किंवा त्रुटी दाखवायच्या, साठ दिवसांत आदेश काढायचा आणि उशीर झाला तर सहा टक्के व्याज द्यायचं, असा नियम आहे. निर्यातीच्या दाव्यात ९० टक्के रक्कम आधी, छाननी नंतर, अशीही तरतूद आहे. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी परिषदेने ती उलट्या करदराच्या दाव्यांनाही लागू करण्याची शिफारस केली.

भिवंडी-मालेगावच्या कृत्रिम धाग्याच्या कापडाने हा उलटा दर पुरता अनुभवला. सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के असा कर होता, आणि सुरुवातीला कापडासाठी साचलेला कर परत मागण्याची सोयही नव्हती. १ ऑगस्ट २०१८पासून परतावा सुरू झाला, पण त्याआधी साचलेली जमा रद्दबातल ठरवण्यात आली आणि त्यावर कज्जे झाले. २२ सप्टेंबर २०२५पासून सुतावरचा करही ५ टक्क्यांवर आला. परताव्याची पद्धत सुधारण्यापेक्षा परताव्याची गरजच संपवणं किती सोपं असतं, याचा हा धडा. तो शिकायला आठ वर्षं लागली.

नव्या उद्योजकाला सर्वांत जास्त चटका देणारी बाब तर फारशी चर्चेतही नसते. साचलेल्या जमेच्या परताव्याच्या सूत्रात यंत्रसामग्रीवर भरलेला कर धरलाच जात नाही. उलट्या करदराच्या दाव्यात सेवांवरचा करही गणला जात नाही. सप्टेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हीकेसी फूटस्टेप्स’ प्रकरणात हा नियम वैध ठरवला. पन्नास लाखांचं यंत्र १८ टक्के कर भरून आणलं, तर नऊ लाख रुपये खात्यात जमा म्हणून दिसतात. पुढच्या विक्रीवरच्या करातून ते हळूहळू वळते होतात. विक्रीच कमी असेल तर ते नुसते दिसत राहतात. जुनी कंपनी हे सोसते, कारण तिची विक्री मोठी असते. नवी कंपनी भांडवलाचा तेवढा तुकडा पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवते.

कर्जाआडचं अनुदान

कर सोडून थेट पैशाकडे वळलं की खेडोपाडी जिचं नाव सर्वाधिक घेतलं जातं, ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना. दोन जुन्या योजना एकत्र करून ती २००८मध्ये आली, खादी आणि ग्रामोद्योग आयोग ती राबवतो. २०२२पासून उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. महाराष्ट्राने २०१९मध्ये त्याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला, आणि त्याचे अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून हलतात.

लोकांची समजूत अशी की मंजुरी मिळाली, सबसिडी हातात आली. तसं नसतं. ग्रामीण भागातल्या एखाद्या महिलेने २० लाखांचा मसाल्याचा प्रकल्प मांडला, तर महिला विशेष प्रवर्गात मोडत असल्याने तिला ३५ टक्के, म्हणजे सात लाखांचं अनुदान लागू होतं. स्वतःचा वाटा पाच टक्के, एक लाख. उरलेले १९ लाख बँक देते. सरकारकडून आलेले सात लाख बँकेत तिच्या नावे मुदत पावतीत तीन वर्षं पडून राहतात. त्या पावतीवर तिला व्याज नाही आणि कर्जातल्या तेवढ्या रकमेवर बँकेला व्याज लावता येत नाही. तीन वर्षांनी युनिट खरोखर चालू आहे का, याची प्रत्यक्ष पाहणी होते आणि मग ते सात लाख कर्जात वळते होतात. म्हणजे अनुदान तिच्या हातात कधी येतच नाही, फक्त डोक्यावरचं ओझं हलकं होतं. आधीच चालू असलेल्या युनिटला ही योजना नाही. ‘आधी सुरू करू, मग अर्ज करू’ म्हणणारे इथे फसतात.

निर्णयाची किल्ली शेवटी बँकेच्या शाखेकडे असते. जिल्हा कार्यालयाने शिफारस केली तरी शाखाधिकारी प्रकल्प अहवाल पाहून, कर्जदाराची पत पाहून नाही म्हणू शकतो. या फटीतच मध्यस्थांचा धंदा चालतो. ‘सबसिडी काढून देतो, दहा टक्के द्या’ असं सांगणारे प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. योजनेने असा कुणीही एजंट नेमलेला नाही, अशी सूचना सरकारी संकेतस्थळावर दिलेली असते.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना याच कुळातली, पण तिची चाल वेगळी. इथे महामंडळाच्या संकेतस्थळावरून आधी पात्रतेचं पत्र घ्यायचं, मग बँकेकडून कर्ज मंजूर करून घ्यायचं. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत, एकूण साडेचार लाखांपर्यंतचं व्याज महामंडळ परत करतं. पूर्ण १५ लाख पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३३,४०० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातले १५,००० व्याजाचे. उद्योजकाने आधी पूर्ण हप्ता भरायचा, तोही वेळेवर, आणि मग व्याजाचा भाग परत यायचा. हप्ता चुकला की परतावा अडला. योजनेने हजारो मराठा तरुणांना बँकेची पायरी चढवली, यात शंका नाही. पण धंद्याचा पहिला मंदीचा महिना आला की हप्ताही भरायचा आणि परताव्याची वाटही पाहायची, असं दुहेरी जोखड मानेवर येतं.

मुद्रा योजनेत अनुदान नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एप्रिल २०१५मध्ये सुरू झालेली ही विनातारण कर्जाची योजना आहे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि ज्यांनी तरुण कर्ज फेडलं त्यांच्यासाठी २०२४पासून ‘तरुण प्लस’ २० लाखांपर्यंत. लघुउद्योगांच्या कर्जाला बँकेकडे हमी देणारा विश्वस्त निधी २०००पासून आहे. त्याची मर्यादा एप्रिल २०२५मध्ये पाच कोटींवरून दहा कोटींवर गेली. हमीत सरकारचा पैसा कर्ज बुडालं तरच जातो, आणि उद्योजकाला रोकड पहिल्या दिवशी मिळते. वेळेचा निकष लावला तर अनुदानापेक्षा हमी उजवी.

अनुदानाला आणखी एक शेपूट आहे. २०१५च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान हे सर्वसाधारणपणे करपात्र उत्पन्न धरलं जातं. यंत्रासाठी मिळालेलं अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा होतं, त्यामुळे त्यावरचा घसारा कमी होतो. एका हाताने दिलेल्यातला काही भाग दुसऱ्या हाताने परत जातो, आणि हे प्रकल्प अहवालात क्वचितच लिहिलेलं असतं.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

उद्योगांना करातून प्रोत्साहन देण्यात महाराष्ट्र नवखा नाही. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाने जावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४पासून आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या तिच्या आवृत्त्यांत विक्रीकराची माफी किंवा लांबणी होती. कारखानदार ग्राहकाकडून कर गोळा करी आणि तो काही वर्षं बिनव्याजी वापरून मग सरकारला देई. खेळतं भांडवल हाताशी येण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. त्याचा गैरवापरही झाला आणि राज्याराज्यांतल्या स्पर्धेने तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या, म्हणून या सवलती बंद झाल्या. जीएसटीच्या जमान्यात पैशाची दिशा उलटली. २०१९च्या योजनेत उद्योग आधी कर भरतो आणि राज्याच्या वाट्याच्या जीएसटीच्या हिशेबाने प्रोत्साहन अनुदान पुढे मिळतं. तालुका जितका मागास, तितकं अनुदान जास्त आणि मुदतही लांब. पात्रता प्रमाणपत्र, दरवर्षीचा दावा, मंजुरी आणि मग अर्थसंकल्पात तरतूद असेल तसं वाटप, असा हा प्रवास. मंजूर रक्कम थकल्याची उद्योग संघटनांची तक्रार जुनी आहे.

बीज पेरणारे

खर्चाआधी पैसा देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांची वाट इनक्युबेटरमधून, म्हणजे नवे उद्योग जोपासणाऱ्या केंद्रांतून जाते. एप्रिल २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ९४५ कोटींच्या बीज निधी योजनेत दोन वर्षांहून जुन्या नसलेल्या स्टार्टअपला नमुना किंवा चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात मिळते. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि त्यातून इमारत किंवा सोयीसुविधा उभारता येत नाहीत. जैवतंत्रज्ञानात ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान दीड वर्षाच्या कामासाठी असतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर या अनुदानाच्या भागीदार संस्थांपैकी एक. संरक्षण खात्याची २०१८मध्ये आलेली ‘आयडेक्स’ योजना दीड कोटींपर्यंत देते.

या योजनांत कल्पनेवर विश्वास ठेवून पैसा दिला जातो. त्यांची मर्यादा भूगोलाची आहे. चांगले इनक्युबेटर मुंबई-पुण्यात एकवटलेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या तरुणाला आधी शहर गाठावं लागतं. केंद्राचा दहा हजार कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ तर थेट स्टार्टअपला पैसा देतच नाही. सिडबीमार्फत तो सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक निधींत जातो आणि ते निधी आपल्या पसंतीने कंपन्या निवडतात. महाराष्ट्राने २०२४मध्ये महिलांच्या स्टार्टअपसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजना आणली, एक ते २५ लाखांच्या साहाय्याची. पण तिथेही कंपनी किमान वर्षभर जुनी आणि उलाढाल किमान दहा लाखांची हवी.

छोट्या सवलतींत एक मात्र चोख आहे. पेटंटसाठी ऑनलाइन अर्ज करताना मोठ्या कंपनीला ८,००० रुपये लागतात तिथे स्टार्टअपला १,६००, आणि ट्रेडमार्कला ९,०००च्या जागी ४,५००. परतावा नाही, पाहणी नाही. फी भरतानाच ती कमी भरायची. सवलत कशी असावी याचा हा नमुना, रक्कम लहान असली तरी.

पहिलं गिऱ्हाईक

मदतीच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत कमी बोललं जातं ते सरकारी खरेदीबद्दल. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७मध्ये काढलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी तिथल्याच ‘साइन’ या इनक्युबेटरमध्ये वाढली. जानेवारी २०२१मध्ये भारतीय लष्कराने तिच्याशी सुमारे दोन कोटी डॉलरचा खरेदी करार केला आणि जुलै २०२३मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. इनक्युबेटरने तिला उभं राहायला जागा दिली, पण बाजारात वजन आलं ते गिऱ्हाइकामुळे.

हे धोरणात आलेलं आहे. केंद्रीय खात्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची, त्यात ३ टक्के महिलांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. मान्यताप्राप्त स्टार्टअपला निविदेत बयाणा रक्कम माफ असते आणि मागच्या उलाढालीची, अनुभवाची अट शिथिल करता येते. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह याच दिशेचा: निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यात आपलं उत्पादन वापरून दाखवण्यासाठी प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश. रक्कम फार नाही, पण ‘आमचं पहिलं गिऱ्हाईक महाराष्ट्र शासन’ असं दुसऱ्या ग्राहकाला सांगता येतं.

मात्र गिऱ्हाइकाने पैसेही वेळेवर द्यायला हवेत. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, हा नियम २००६चा. तो पाळला जात नव्हता. मग २०२३-२४पासून प्राप्तिकर कायद्याने, मुदतीत न दिलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद केली. त्यासाठी विकणाऱ्याची ‘उद्यम’ नोंदणी असावी लागते. ती फुकट आणि ऑनलाइन होते. तिचा क्रमांक बिलावर छापणं हे बिनखर्चाचं काम अनेक जण करत नाहीत.

एवढं सगळं पाहून निवाडा द्यायचा तर असा: सरकारी मदतीतली सर्वांत उपयोगी तीच, जी पैसे भरतानाच कमी घेते किंवा खर्चाआधी हाती येते, म्हणजे पेटंटची कमी फी, कर्जाची हमी, नमुन्यासाठीचं बीजभांडवल आणि पहिली ऑर्डर. करमाफी, व्याज परतावा आणि जीएसटीवर आधारलेलं प्रोत्साहन हे उभ्या राहिलेल्या धंद्याला बळ देतात, उभं करत नाहीत. सरकारने दोन गोष्टी केल्या तर नव्या योजनेची गरज पडणार नाही. उशिरा दिलेल्या प्रत्येक परताव्यावर आणि थकलेल्या अनुदानावर बँकेच्या कर्जदराइतकं व्याज आपोआप द्यावं, आणि नव्या कंपनीच्या पहिल्या यंत्रांवरचा जीएसटी परताव्यास पात्र धरावा. आणि धंदा काढायला निघालेल्या वाचकाने प्रकल्प अहवालातला सबसिडीचा आकडा खोडून पुन्हा बेरीज करावी. त्याशिवायही पहिली दोन वर्षं निभत असतील, तरच बँकेत जावं. निभत नसतील तर आधी प्रकल्प लहान करावा.